कार्ड कंपनीचं, नाव नामदेवचं

आमच्या बियाणं कंपनीत मला समोरून 'मॅडम' म्हणायचे आणि पाठीमागून 'कात्री'. हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं, तेही शिपायाच्या भाषणातून. वाईट अजिबात वाटलं नाही. हिशेब विभागातल्या बाईला लोक 'मोगरा' म्हणायला लागले तर समजावं की कंपनी बुडायला आलीय.

फिल्डवरच्या पोरांची खर्चाची बिलं माझ्या टेबलावरून पुढं जायची. मी एकेक बिल हातात धरून विचारायची, "माणसं आठ आणि चहा वीस कप? काय आंघोळ केली का चहानं?" पोरं हसायची, मान खाजवायची. कुणी खोटं बोललं तर मला त्याच्या कानावरून कळायचं, कान लाल व्हायचे. पण या अंकासाठी 'काहीतरी अनुभव लिहा' असं सांगणं आलं तेव्हा गमतीची बिलं आठवलीच नाहीत. आठवला नामदेव, आणि अजून राग आला.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा आधी सांगते. जालन्यातून बियाणं कुठं कुठं जातं, पण शेतकरी पाकिटावरचं चित्र बघून ते घेत नाही. त्याला उभं पीक दाखवावं लागतं. ज्याच्या रानात आमचं वाण चांगलं आलं, त्याच्या बांधावर आसपासच्या गावची माणसं जीपनं आणायची, ओळीओळीतून फिरवायची, मग झाडाखाली जेवू घालायचं. याला शिवारफेरी म्हणतात. पेरणीच्या आधी असेच मेळावे घ्यायचे. लोक कपाशीची बोंडं मोजून बघतात, प्रश्न विचारतात, पण वर्षभर बोलतात ते जेवणाबद्दल. जीपचं भाडं, डिझेल, मांडव, जेवण, हा सगळा खर्च जागेवरच द्यावा लागतो.

पूर्वी त्यासाठी पोरांना रोख उचल द्यायचो. मग आमच्या शेठनी बँकेशी बोलून सगळ्यांना कंपनीची क्रेडिट कार्डं काढून दिली. करार त्यांनी परस्पर केला, माझ्याकडं फक्त महिन्याची बिलं यायची. मी तपासायची, शेठ मंजूर करायचे, कंपनी बँकेत भरायची. पोरं खूश होती. पेट्रोलपंपावर कार्ड काढताना छाती जरा पुढं यायची. जाफराबादकडचा रामकिसन तर कार्ड खिशाला पेनासारखं लावून हिंडायचा.

आता आमच्या पोरांची एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच अडकलं. बिल भरलं जायचंच, पण त्याबरोबर पावत्या बराबर लागल्या नाहीत तर मी त्या पोराचं कार्ड अडकवायची, आणि अडकलं की त्याच्यावर पुढचा खर्च बसायचा नाही. नामदेवच्या पावत्या मात्र कायम पक्क्या. नामदेव मूळ वाटूरचा, परतूर तालुका बघायचा, कमी बोलायचा. त्याचं कार्ड कधी अडकायचं नाही. त्यामुळं मेळावा कुणाच्याही भागात असो, जेवणाचं बिल आलं की रामकिसन म्हणायचा, "नामदेवभाऊ, तुमचं घासा. आमचं चालून न्हाई राह्यलं." नामदेव घासायचा. मग सगळ्यांच्या पावत्या स्वतः गोळा करून, उन्हाळ्यात घामाघूम होऊन माझ्यासमोर उभा राहायचा. मी विचारायची, "अरे, तू काय सगळ्यांचा सासरा आहेस का?" तो म्हणायचा, "मॅडम, पैसा कंपनीचाच हाय. कार्ड याचं काय अन् त्याचं काय."

मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

मग एका पावसाळ्यात आमच्या एका वाणाची उगवण कमी निघाली. दुकानदारांनी पैसे अडकवले, शेतकऱ्यांना भरपाई द्यावी लागली, कंपनीचे हात आखडले. शेठनी मला बोलावून सांगितलं, "कार्डांची बिलं थांबवा. आधी भरपाई, मग पगार, मग बाकीचं." मी म्हटलं, "शेठ, उन्हाळ्यातल्या मेळाव्यांचं सगळं बिल एकट्या नामदेवच्या कार्डावर आहे." ते म्हणाले, "बँक काय पळून जाते का?" भरपाई आणि पगार आधी, यात मला चूक काढता येईना. बिलं थांबली.

नवरात्राच्या थोडं आधी नामदेव माझ्याकडं आला. हातात पावत्या नव्हत्या, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. तो जालन्यातच मस्तगड भागात भाड्यानं राहायचा. रस्त्याकडच्या खोलीत त्याची बायको सुनीता शिवणक्लास चालवायची, तीन मशिनी होत्या, मुलींची बॅच सकाळी आणि बायकांची दुपारी. घरमालक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. गुरुजींना मुलाकडं पुण्याला कायमचं जायचं होतं, म्हणून घर विकायला काढलं. एका व्यापाऱ्याला तिथं गोदाम करायचं होतं, पण गुरुजी नामदेवला म्हणाले होते, "आधी तू. दसऱ्याच्या मुहूर्तावर इसार दे, नाहीतर मी त्याला हो म्हणणार."

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"बँक कर्ज न्हाई म्हणून राह्यली. म्हणे स्कोअर खराब हाय."

मी आधी त्याच्यावरच उखडले. "कुठं उधळलास रे पैसा? मोबाईल घेतला का हप्त्यावर?"

"मॅडम, मी आजवर कोणाकडनं शंभर रुपये घेतले न्हाईत," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले नाहीत.

दुपारी मी त्याच्याबरोबर बँकेत गेले. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता. त्यानं समजावून सांगितलं ते असं. माणसाच्या पॅन नंबरावर त्याची सगळी कर्जं आणि कार्डं एका ठिकाणी नोंदली जातात. वेळेवर भरलं की गुण वाढतात, थकलं की पडतात, आणि कोणतीही बँक कर्ज देण्याआधी ते गुण बघते. नामदेवच्या नावावर एक कार्ड महिनोन्‌महिने थकलेलं होतं. मॅनेजरनी कार्डाच्या बँकेचं नाव घेतलं.

"अहो, हे तर आमच्या कंपनीचं कार्ड."

"असेल, मॅडम. पण अशी कार्डं दोन तऱ्हेची असतात," तो म्हणाला. "एकात देणेकरी कंपनी असते, माणूस फक्त वापरतो. त्यासाठी कंपनीला बँकेत ठेव ठेवावी लागते. दुसऱ्यात भरते कंपनीच, पण नाही भरलं तर देणेकरी हा माणूस. यांचं दुसऱ्या तऱ्हेचं आहे."

शेठनी ठेव वाचवली होती. नामदेव खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होता. एवढंच म्हणाला, "फोन यायचे, साहेब, वसुलीचे. मी म्हणायचो, कंपनी भरती, तिकडं करा फोन. मला वाटलं चुकून मला लावून राह्यले."

मॅनेजरनी मार्ग सांगितला. कंपनीनं थकबाकी भरायची आणि लेखी द्यायचं की हा खर्च कंपनीचा होता, उशीर कंपनीनं केला, कर्मचाऱ्याचा संबंध नाही. त्यावर कार्डाच्या बँकेनं नोंद दुरुस्त करायची, मग कर्ज होईल. मी म्हटलं, एवढंच ना? तेव्हा मला खरंच वाटलं की एवढंच आहे.

शेठ माणूस वाईट नव्हता. माझं ऑपरेशन झालं तेव्हा रोज डबा पाठवायचे. पण लेखी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "पैसे भरू हो, दिवाळीनंतर भरू. पण आम्ही थकवलं असं लिहून द्यायचं? आपल्या खेळत्या भांडवलाचं कर्ज पुढच्या महिन्यात नवं करायचंय. त्या बँकेच्या हाती हे पत्र लागलं तर?"

"म्हणजे कंपनीचं नाव सांभाळायचं आणि त्याचं जाऊ द्यायचं?"

"कंपनी राहिली तर तो राहील, बाई."

दोन दिवसांनी परत गेले. परत तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी फोन उचलून कानाला लावला, आणि फोन वाजलाच नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाहेर येऊन मी पाणी प्यायले आणि ग्लास इतका जोरात ठेवला की टायपिंग करणाऱ्या मुलीनं हात थांबवले. घरी सुनीताचा फोन आला. ती कधी मला फोन करत नसे. म्हणाली, "मॅडम, दसरा जवळ आला. हे जेवून न्हाई राह्यले." मी म्हटलं, "बघते." दुसरं काय म्हणणार होते.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं अवजारांची पूजा होते. आमच्या कंपनीत पाकिटं भरायचं यंत्र, वजनकाटे, जीपच्या किल्ल्या, माझा कम्प्युटर, सगळ्याला हळदकुंकू लागायचं. आणि कार्डं आल्यापासून शेठ कार्डांचीही पूजा करायचे. ताटात झेंडूच्या फुलांवर कार्डं मांडायची, आणि पूजा झाली की एकेकाला बोलावून पेढ्याबरोबर कार्ड हातात द्यायचं, तिथंच कागदावर सही घ्यायची. देवापुढं मालकाच्या हातून मिळालेल्या वस्तूवर सही करताना कोण वाचत बसतं? कुणी कधी वाचलं नव्हतं.

जुन्या बँकेनं तगादा लावला म्हणून त्या वर्षी शेठनी दुसऱ्या बँकेची नवी कार्डं आणली होती. मी त्या बँकेच्या माणसाला फोन करून विचारलं. तीच तऱ्हा, देणेकरी कर्मचारीच.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी फिल्डची पोरं ऑफिसात जमली. मी त्यांना चहा मागवला, तेवढ्यावरूनच ती घाबरली. मी नामदेवचं सगळं सांगितलं, नामदेव तिथंच बसला होता. मग म्हटलं, "कार्ड घ्या म्हणत नाही, घेऊ नका म्हणत नाही. पण उद्या सही करताना एवढं माहीत असू द्या, कंपनीनं भरलं नाही तर बँक तुमच्या घरी येणार."

रामकिसन खाली बघून म्हणाला, "म्हणजे आम्ही जे घासलं, ते नामदेवभाऊच्या नावावर गेलं?"

"सगळं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आरती झाली. शेठनी ताट पुढं घेतलं आणि सगळ्यात जुना म्हणून रामकिसनला बोलावलं. रामकिसननी वाकून नमस्कार केला, पेढा घेतला, तोंडात टाकला. शेठनी कार्ड पुढं केलं. रामकिसननी हात जोडले.

"शेठ, कार्ड राहू द्या."

"का रे?"

"पुढल्या साली घर बांधायचं हाय. बँकेत नाव लागतं."

शेठ हसले, त्यांना वाटलं गंमत करतोय. दुसऱ्याला बोलावलं. त्यानं पेढा घेतला, हात जोडले. तिसऱ्यानं तेच केलं. चौथा नवीन होता, पण त्यानंही कार्ड घेतलं नाही. मालकाला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही, आणि देवापुढं तर नाहीच. पूजा सांगणारे काका ताटाकडं आणि शेठकडं आळीपाळीनं बघत होते. कार्डं सगळी झेंडूवर तशीच राहिली. मी यंत्राला टेकून उभी होते.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, ही तुमची करामत."

"हो."

"एवढ्या वर्षांची नोकरी. दिवाळीच्या तोंडावर मला पोरांसमोर असं उघडं पाडलंत?"

"शेठ, रानात बोंडं फुटून राह्यलीत," मी म्हटलं. मला राग आला की माझी जाफराबादची भाषा वर येते. "पुढच्या आठवड्यात शिवारफेऱ्या आहेत. कार्डाशिवाय पोरं काय खिशातून जेवू घालणार? कार्डं कंपनीच्या जबाबदारीवर काढा, ठेव ठेवा. आणि नामदेवचं पत्र आत्ता द्या."

त्यांनी नामदेवला आत घेतलं. "तू माझ्याकडं सरळ यायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का?"

"आल्तो, शेठ," नामदेव हळू आवाजात म्हणाला. "दोनदा आल्तो. तुम्ही म्हणले, हिशेबात बघा."

शेठनी पत्र टाइप करायला सांगितलं, वाचलं, एक शब्द बदलला आणि सही केली. थकबाकीही त्याच दुपारी भरली. मला वाटलं आपण जिंकलो. पत्र पिशवीत घालून मी नामदेवच्या मोटारसायकलवर मागं बसले, या वयात, आणि बँक बंद व्हायच्या आत पोचलो.

मॅनेजरनी पत्र वाचलं, खरंच आनंदला. मग म्हणाला, "आता हे कार्डाच्या बँकेकडं जाईल, ती तपासेल, मग नोंद बदलेल. महिना धरा. नोंद बदलल्याशिवाय माझ्या वरचे लोक फाईल घेणार नाहीत."

"पण पत्र आहे ना? भरल्याची पावती आहे ना?"

"माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं, मॅडम."

दसऱ्याला सकाळी मी मस्तगडला गेले. गुरुजी ओसरीत बसले होते, शेजारी तो व्यापारी, समोर नामदेव आणि सुनीता. नामदेवच्या मांडीवर कापडी पिशवी होती, त्यात त्यांची सगळी साठवण. गुरुजी चांगल्या मनानं म्हणाले, "नामदेव, तुझ्यासाठी मी दोनदा थांबलो. आता मुलाला तिकडं घराचे पैसे भरायचेत. आज इसार दे, कर्ज आलं की खरेदीखत करू. पण महिनाभरात कर्ज नाही आलं तर मला इसार परत देता येणार नाही, हे आत्ताच सांगतो."

सुनीता म्हणाली, "द्या."

नामदेव माझ्याकडं बघायला लागला. "मॅडम, देऊ का? महिन्यात होईन का नोंद?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आयुष्यभर मी माहीत असलेलंच बोलले होते. बँका महिना म्हणतात तेव्हा दोन लागतात, हे मी पाहिलेलं होतं. व्हायचं असेल तर महिन्यातही होतं, हेही पाहिलेलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

नामदेवनी पिशवीची गाठ घट्ट केली. सुनीता उठून आत गेली. गुरुजींनी व्यापाऱ्याकडं बघून होकाराची मान हलवली. मला पुष्कळ जणांनी नंतर सांगितलं की तेव्हा 'दे' म्हणायला हवं होतं. ती पिशवी त्यांच्या मांडीवर नव्हती, हे त्यांना मी सांगते, आणि मग रात्री मलाच झोप येत नाही.

नोंद दिवाळी झाल्यावर दुरुस्त झाली, महिन्याच्या जरा पुढं. घर तोवर गेलं होतं. आता तिथं पुढच्या खोलीला शटर आहे. नामदेव दोन खोल्यांत राहायला गेला, तिथं एकच मशीन मावली, दोन विकल्या. कंपनीत मात्र त्या वर्षापासून सगळी कार्डं कंपनीच्या जबाबदारीवर निघाली. माझ्यानंतर आलेल्या मुलीला मी पहिली गोष्ट हीच शिकवली, की कार्ड देताना माणसाला आधी सांगायचं, देणेकरी कोण, आणि त्यानं विचारलं तर चिडायचं नाही. आमच्या कंपनीतली सगळ्यात चांगली सुधारणा म्हणून लोक याचं नाव घेतात.

पुढच्या वर्षी रामकिसनच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, जाफराबादला. आम्ही सगळे गेलो. घर छान होतं, दोन्हीकडं खिडक्या, पुढं मोठी खोली. रामकिसननी मला हाताला धरून सगळं दाखवलं. सुनीताही आली होती. ती पुढच्या खोलीत बराच वेळ एकटी उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, रामकिसनभाऊंचं कर्ज जल्दी झालं का?"

"झालं गं. काही अडलं नाही."

"बराबर हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्यांच्या नावावर कोणी जेवलं न्हाई ना."

बाहेर मांडवात पंगत बसली होती, फिल्डची सगळी पोरं ओळीनं जेवत होती, आणि नामदेव कमरेला पंचा बांधून त्यांना वाढत होता.